भाचीच्या निदानाविषयी: तिच्यातल्या प्रत्येकीशी कसे बोलावे?

इंदिरानगरचा मामा

नमस्कार. मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. माझी २३ वर्षांची भाची गेली १४ वर्षे माझ्या घरी, माझ्या मुलांबरोबरच वाढली आहे. गेल्या महिन्यात मानसोपचारतज्ज्ञांनी तिला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर असल्याचे सांगितले. पूर्वी यालाच बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत असत. हे येथे लिहिण्यास तिची संमती आहे. तिने मजकूर वाचला असून दोन वाक्ये तिच्या सांगण्यावरून मी काढून टाकली आहेत.

सुरुवात कधी झाली हे नेमके सांगता येत नाही. मेन रोडवरून आणलेल्या कापडाची पिशवी तिच्या कपाटात सापडे आणि ती कोणी आणली हे तिला सांगता येत नसे. तिच्या वहीत तीन प्रकारची अक्षरे दिसत. एकदा ती कॉलेजला म्हणून निघाली आणि संध्याकाळी पांडवलेणीच्या पायऱ्यांवरून तिने मामीला फोन केला. मधल्या सात तासांचे तिला काहीही आठवत नव्हते आणि पायांत चपला नव्हत्या. आम्हाला वाटले फिट येत असेल. मेंदूचा आलेख दोनदा काढला, तो दोन्ही वेळा व्यवस्थित आला, तरीही आठ महिने फिटच्या गोळ्या चालू राहिल्या आणि त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्यानंतर नातेवाइकांनी विषय हाती घेतला. कोणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करण्यास सांगितले, कोणी एका भगताचे नाव सुचवले, आणि माझ्या थोरल्या बंधूंनी तर जाण्याचा दिवसही ठरवला. ते बोलणे तिच्या कानांवर गेले आणि पुढचे दोन दिवस ती एक शब्दही बोलली नाही. मी ते जाणे रद्द केले. तेव्हापासून बंधू आमच्याशी बोलत नाहीत.

आज आम्हाला तिच्याखेरीज तिघी ठाऊक आहेत. एक सहा-सात वर्षांची मुलगी आहे. ती मामीकडे दूध-पोळी कुस्करून मागते आणि दाराच्या कडीचा आवाज झाला की कपाटाच्या आड जाऊन बसते. दुसरी फार कठोर आहे. ती आम्हाला ‘तुम्ही लोक’ म्हणते आणि भाचीविषयी ‘हिला जगता येत नाही, मी हिला जगवते’ असे बोलते. तिसरी बोलत नाही, फक्त लिहिते. भाचीला यांतले बहुतेक काही आठवत नाही आणि नंतर वही वाचून ती रडते.

नऊ वर्षांची होईपर्यंत ती ज्या घरात होती त्या घराविषयी येथे लिहिणे योग्य नाही, एवढेच सांगतो.

माझे प्रश्न असे आहेत. समोर जी असेल तिला कोणत्या नावाने हाक मारावी? लहानगीशी मामीने लहान मुलीसारखे बोलावे, की ‘तू आता २३ वर्षांची आहेस’ अशी आठवण करून द्यावी? त्या घरात काय घडले हे आम्ही विचारावे का? त्या कठोर मुलीने एकदा भाचीच्या हाताला इजा केली आहे. तिला घालवून देण्याचा काही मार्ग आहे का? आणि हे बरे होते का?

जेलरोडची एक वाचक

मामा, आपला मजकूर मी तीन वेळा वाचला. मी ४१ वर्षांची आहे, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब पाहते, आणि माझे हेच निदान होऊन आठ वर्षे झाली. आम्ही पाच जणी आहोत. कार्यालयात मी ‘मी’ म्हणते, घरी ‘आम्ही’ म्हणते, आणि दोन्ही शब्द मला खरे वाटतात.

नावाचे आधी सांगते. जी समोर असेल ती जे नाव सांगेल त्या नावाने तिला हाक मारावी आणि तिने सांगितले नाही, तर आपल्याकडचे नाव चिकटवू नये. माझ्यातल्या एकीला घरातल्यांनी गमतीने ठेवलेले नाव वर्षभर सोसावे लागले, आणि ती गंमत नव्हती हे सांगण्याचे धैर्य तिला फार उशिरा आले. ‘आता कोण आहे?’ असे दर तासाला विचारू नये. पाहुणे आले म्हणून लहानगीला ‘बाहेर ये’ असे तर कधीही म्हणू नये.

लहानगीच्या बाबतीत आपण दोनच पर्याय लिहिले आहेत, पण माझ्या आत्याने तिसरा शोधला होता. ती आधी माझ्यातल्या लहानीला गरम भात कालवून द्यायची, शेजारी बसायची, आणि मग हळू आवाजात सांगायची, ‘बाळा, हे जेलरोडचे घर आहे, हे २०१८ साल आहे, त्या घराची किल्ली आता कोणाकडेही नाही.’ लहानीला ती लहान नाही हे पटवण्याची गरज नव्हती; ती घटना आता चालू नाही, एवढेच तिला कळायला हवे होते, आणि ते शंभर वेळा सांगावे लागले. कडीचे आपण लिहिलेत म्हणून सुचवते: शक्य असेल तर तिच्या खोलीची कडी काढून साधा स्टॉपर बसवून घ्या. आमच्याकडे एका विशिष्ट केसतेलाचा वास घरातून कायमचा गेला, तेव्हा एकीच्या जागी दुसरी येण्याचे निम्मे प्रसंग थांबले.

रोजच्या जगण्यासाठी आम्हाला जे उपयोगी पडले ते सांगते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर जी कोणी काही करील तिने त्या तारखेच्या चौकटीत दोन शब्द लिहायचे, मग ते ‘गॅसचा नंबर लावला’ असो किंवा ‘डॉक्टरांकडे गेले’ असो. एक वही सगळ्यांची आहे आणि तिच्यात कोणी कोणाला शिवी द्यायची नाही, हा नियम आम्ही सहा महिने भांडून ठरवला. फोनवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा कमी करून ठेवली आहे, कारण एकीने एकाच दुपारी पगारातला मोठा भाग खर्च केला होता. आणि स्कूटर मी चालवत नाही. द्वारकेच्या चौकात, चारही बाजूंनी वाहने येत असताना, माझ्या जागी सहा वर्षांची मुलगी येण्याची शक्यता जोपर्यंत आहे, तोपर्यंत बसने जाणे मला कमीपणाचे वाटत नाही. पर्समध्ये घरचा पत्ता आणि आत्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते. मन सुटत चालल्याची जाणीव झाली की मी तोंडात आमसूल धरते. त्या आंबटपणाने अंग जागेवर येते.

एका नातेवाइकाने मला ‘दुतोंडी’ म्हटले होते. तो शब्द बरेच दिवस लागून राहिला. मग एका पावसाळ्यात गोदाघाटावर उभी असताना लोक नेहमीप्रमाणे बोलत होते, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, आता छातीला लागेल. दोन तोंडांच्या त्या मूर्तीकडे पाहून सारे गाव पुराची पातळी ओळखते. माझ्यातली कठोर बाई पुढे आली की मीही आता तेच विचारते: पाणी कुठपर्यंत चढले आहे? तिच्यावर चिडण्यापूर्वी हे विचारण्याची सवय लागली आणि मग ती मला इजा करीनाशी झाली. तिला घालवून देण्याविषयी आपण विचारलेत. मामा, तिला घालवू नका. लहानपणी जेव्हा कोणीही मोठे माणूस मध्ये पडत नव्हते तेव्हा तीच मध्ये पडली होती.

निवृत्त समुपदेशिका, गंगापूर रोड

जेलरोडच्या ताईंनी जे लिहिले आहे त्यात मला वैद्यकीय बाजूची थोडी भर घालायची आहे. मी ३१ वर्षे चिकित्सालयीन मानसशास्त्राचे काम केले. या निदानाच्या थोड्याच व्यक्ती माझ्याकडे आल्या, पण ज्या आल्या त्या वर्षानुवर्षे येत राहिल्या.

हा विकार म्हणजे एका शरीरात अनेक माणसे शिरली आहेत असे नव्हे. लहान मुलाचा ‘मी’ जन्मतः एकसंध नसतो. भूक लागलेला, घाबरलेला, लाडात आलेला अशा वेगवेगळ्या अवस्था सांभाळणाऱ्या माणसाच्या सहवासात हळूहळू एकत्र गुंफल्या जातात. ज्या मुलाला त्या वयात पुन:पुन्हा छळ सोसावा लागतो, आणि बहुधा ज्याच्याकडे धाव घ्यायची तोच भीतीचे कारण असतो, त्याच्या बाबतीत ही गुंफण होत नाही. सकाळी त्याच माणसाच्या हातून डबा घेऊन शाळेत जाणारी मुलगी आणि रात्रीचे लक्षात असणारी मुलगी यांच्यामध्ये विस्मरणाची भिंत उभी राहते. ती भिंत त्या वयात तिला वाचवते आणि मोठेपणी तीच तिला अडवते. फ्रान्समधील पिएर जाने यांनी १८८९ मध्येच मनाच्या अशा विलग होण्याविषयी सविस्तर लिहिले होते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ हे नाव बदलले, त्यामागेही हाच विचार होता: व्यक्ती एकच असते आणि तिच्या ओळखीचे तुकडे जुळलेले नसतात.

आपल्याकडे एक गोंधळ नेहमी होतो. वर्तमानपत्रांत स्किझोफ्रेनियाला ‘दुभंगलेले मन’ म्हणतात आणि वाचक दोन्ही आजार एकच समजतात. स्किझोफ्रेनिया वेगळा आहे आणि त्याची औषधे वेगळी आहेत. या विकारातही आतून आवाज ऐकू येतात, त्यामुळे चुकीचे निदान होऊन नको ती औषधे वर्षानुवर्षे दिली जातात. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत योग्य निदान होण्यास सरासरी सहा-सात वर्षे लागल्याचे दिसले आहे. फिटची शंका घेऊन मेंदूचा आलेख काढणे मात्र बरोबरच होते, कारण फिटच्या काही प्रकारांतही मधला काळ पुसला जातो आणि ती शक्यता आधी दूर करावीच लागते.

आता मामांच्या अवघड प्रश्नाकडे येते. त्या घरात काय घडले, हे आपण विचारू नये. उपचारांचा सर्वमान्य क्रम असा आहे की आधी सुरक्षितता आणि रोजच्या जगण्याची घडी, मग तयारी झाल्यावर आणि तीही उपचारकाच्या खोलीत आठवणींचे काम, आणि शेवटी त्या भागांचे एकमेकांत मिसळणे किंवा सहकार्याने राहणे. घाईने पहिला टप्पा ओलांडला की रुग्ण कोसळतो, हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्यातल्या एका वेळी घाई माझी होती. ती आपण होऊन काही बोलली, तर ऐकून घ्यावे, विश्वास ठेवावा, तपशील खोदू नयेत, आणि ‘हे पुढच्या भेटीत मॅडमना सांगू या का?’ असे विचारावे.

या विकाराची म्हणून वेगळी गोळी नाही. झोप, नैराश्य, अस्वस्थता यांसाठी औषधे दिली जातात आणि ती घ्यावीत. मुख्य उपचार बोलण्याचा आहे आणि तो महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे.

हाताला इजा झाल्याचे आपण एका ओळीत लिहिले आहे. मी त्यावर जास्त थांबते. या निदानाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. औषधांचा डबा आजच कुलपात ठेवावा. त्या कठोर भागाशी शांत वेळी थेट बोलावे: ‘तू हिला सांभाळत आलीस हे आम्हाला कळते. हात न कापता ते कसे करता येईल हे आपण मिळून पाहू.’ टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि मराठीत बोलता येते; तो कालनिर्णयवरच लिहून ठेवावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आपली भाची नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते आणि पुढे कधी निर्णय घेण्याची तिची अवस्था नसेल, तर कोणते उपचार हवेत व कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवू शकते. ती ठीक असताना, आतल्या शक्य तितक्या जणींच्या संमतीने, हे करून घ्यावे.

पंचवटीतील एक डॉक्टर

मी कुटुंबवैद्य आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. भाचीच्या यातनांविषयी मला शंका नाही, परंतु एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. अमेरिकेत १९८० ते १९९० च्या दशकांत या निदानाची लाटच आली होती. संमोहनाखाली ‘आणखी कोण आहे?’ असे विचारत गेल्याने रुग्णांमध्ये नव्या नव्या ओळखी दिसू लागल्या, कधीही न घडलेल्या घटनांच्या आठवणी तयार झाल्या, आणि प्रकरणे न्यायालयात गेली. आज अनेक तरुण मुले मोबाइलवर या विकाराचे व्हिडिओ पाहून स्वतःचे निदान करतात. घरातल्यांनी प्रत्येक भागाला नाव, आवडीनिवडी आणि जेवणाचे वेगळे ताट दिले, तर ते तुकडे जास्त घट्ट होणार नाहीत का? मी हे टीका म्हणून लिहीत नाही. मला खरोखरच हा प्रश्न पडतो.

निवृत्त समुपदेशिका, गंगापूर रोड

डॉक्टर, आपली सावधगिरी योग्य आहे. संमोहनाने आठवणी शोधण्याचा प्रकार कोणी सुचवला, तर मामांनी तेथून उठून यावे. आणखी भाग शोधत जाऊ नये, हेही खरे. मात्र ‘हे सारे सूचनेतूनच तयार होते’ या मताविरुद्ध पुरावा आहे. युरोपातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात या विकाराचे रुग्ण आणि तसा अभिनय करण्यास सांगितलेल्या निरोगी व्यक्ती यांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाची तुलना केली होती. त्यांतील काही व्यक्ती अत्यंत कल्पनाशील म्हणून मुद्दाम निवडल्या होत्या, तरीही रुग्णांमध्ये दोन ओळखींच्या वेळी दिसलेला फरक त्यांना अभिनयाने उभा करता आला नाही.

ताटाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की दूध-पोळी द्यावी, पण ताट तेच असावे. लहानगीशी प्रेमाने बोलावे आणि तेच बोलणे भाचीलाही नंतर सांगावे, जेणेकरून त्यांच्यात गुपित राहणार नाही. भाग घट्ट होतात ते भीतीने आणि गुपितांनी. दुर्लक्ष करून ते विरघळताना मी पाहिलेले नाहीत.

निफाडची लेक

बाकीच्यांइतके मला शास्त्र माहीत नाही. माझ्या आईच्या अंगात येत असे. चैत्रात आमच्या घरातली सगळी माणसे सप्तशृंगीच्या गडावर जात, तेथे संबळ वाजू लागले की तिला वारे येई, ती घुमे, बायका तिच्या पाया पडत, आणि थोड्या वेळाने ती पाणी पिऊन भाकरी बांधायला बसे. तिला त्याचा त्रास नव्हता आणि तिच्या संसारात त्याने काही बिघडले नाही. माझ्या चुलत बहिणीचे तसे नव्हते. तिला कुठेही, विहिरीवर, परीक्षेच्या वर्गात, ‘दुसरी’ येत असे आणि त्यानंतर ती दिवसचे दिवस कोरी असे. आमच्या लोकांनी दोघींना एकच समजले आणि बहिणीला ‘उतरवण्यासाठी’ नेले. तेथे तिला खांबाला बांधले होते. आज ती आमच्यात नाही, याहून जास्त मी लिहू शकत नाही.

समुपदेशिकाबाईंना विचारते, हा फरक डॉक्टर लोक मानतात का? मामांच्या बंधूंना सांगायला उपयोगी पडेल.

निवृत्त समुपदेशिका, गंगापूर रोड

मानतात, ताई, आणि आपण तो कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट सांगितला आहे. निदानाच्या निकषांतच असे लिहिले आहे की त्या समाजात मान्य असलेल्या धार्मिक प्रथेचा तो भाग असेल तर त्याला विकार म्हणायचे नाही, आणि त्याच निकषांत असेही नमूद आहे की काही संस्कृतींत हा विकार झपाटल्याच्या रूपात दिसतो. मला त्यातून एवढेच विचारावेसे वाटते: ते ठरावीक वेळी, ठरावीक जागी येते आणि जाते का, की माणसाच्या इच्छेविरुद्ध येऊन त्याचे आयुष्य मोडते? मामांच्या बंधूंना हेही सांगावे की भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. घरातल्या पूजेला, नामस्मरणाला माझा विरोध नाही. मुलीला त्याने बरे वाटत असेल तर ते करावे, आणि ते तिला विचारून करावे.

आपल्या बहिणीविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

इंदिरानगरचा मामा

सर्वांचे आभार मानण्यास उशीर झाला. मध्यंतरी दहा दिवस बरेवाईट गेले.

औषधांचा डबा कुलपात गेला आहे. तिच्या खोलीची कडी मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काढली. ती काढत असताना दारात भाची उभी आहे असे मला वाटत होते, पण ती लहानगी होती. तिने स्क्रू मोजले, चार आहेत म्हणाली, आणि ते स्वतःच्या मुठीत ठेवू का, असे विचारले. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी भाचीला ते उशीखाली सापडले. मामीने सारे सांगितल्यावर ती पहिल्यांदाच रडली नाही आणि ‘तिला राहू देत’ एवढे म्हणाली.

कठोर मुलीशी बोलण्यास मी घाबरत होतो. परवा रात्री तीच येऊन बसली. समुपदेशिकाबाईंनी लिहिलेले वाक्य मला तसेच्या तसे म्हणता आले नाही, अडखळत म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले की कालनिर्णयवर तिनेही लिहायचे का. काल सकाळी गुरुवारच्या चौकटीत तिच्या करकरीत अक्षरात ‘कुलपाची किल्ली मामीकडेच असावी’ असे लिहिलेले होते.

बंधूंना मी निफाडच्या ताईंचा मजकूर वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण निघताना त्यांनी पुढच्या भेटीची तारीख विचारली आणि गाडी घेऊन येतो म्हणाले. भाचीला विचारले आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही. वहीत चर्चा चालू आहे.